दोन बाजारांमधली फट

निक्केई २२५ हा जपानमधल्या २२५ शेअरांच्या भावांचा निर्देशांक, पण त्याचा पहिला वायदा (भाव आज ठरवून पुढच्या तारखेला मिटवायचा सौदा) जपानमध्ये सुरू झाला नाही. ३ सप्टेंबर १९८६ ला तो सुरू झाला सिंगापुरात, सायमेक्स या एक्स्चेंजवर. ओसाकाला मुहूर्त लागला तो बरोबर दोन वर्षांनी, ३ सप्टेंबर १९८८ ला. ओसाकाच्या दोजिमात तांदळाचा वायदा १७३० पासून अधिकृतपणे चालायचा, म्हणजे वायद्यांची जगातली सगळ्यात जुनी पेठ तिथली. तरीही उशीर झाला, कारण शेअर हातात न देता नुसत्या फरकाची रक्कम देऊन-घेऊन सौदा मिटवणं जपानी कायद्यात बसत नव्हतं. म्हणून १९८७ मध्ये ओसाकाने आधी ५० शेअरांचा एक वायदा आणला, त्यात मुदत संपली की खरोखर शेअरांचे गठ्ठे द्यावे लागायचे. तो फारसा चालला नाही. मग कायदा बदलला.

हे सगळं सांगायचं कारण असं की ऐंशीच्या शेवटी आणि नव्वदच्या दशकात शिकागो-न्यूयॉर्कची जी बावीस-पंचवीस वर्षांची पोरं टोकियो, ओसाका, सिंगापूर, हाँगकाँगला गेली आणि ज्यांच्या पैशाच्या, पार्ट्यांच्या कहाण्या अजून चघळल्या जातात, त्यांच्याकडे आशियाबद्दल विशेष ज्ञान असं काही नव्हतं. बहुतेकांना जपानी येत नव्हतं. कुठली कंपनी चांगली, कुठली वाईट याच्याशी त्यांचं देणंघेणं नव्हतं. त्यांनी वाचलं ते एकच, एक्स्चेंजचं नियमपुस्तक. नियम करणाऱ्याने गृहीत धरलेलं असतं की सगळे आपल्या रिवाजाने वागतील. बाहेरून आलेल्याला रिवाज माहीत नसतो, तो अक्षर वाचतो. मला विचाराल तर या सगळ्या धंद्याचं मर्म इतकंच आहे. धाडस वगैरे नंतर चिकटवलेलं.

त्यांना सहा वर्षांचा आगाऊ अनुभव मात्र होता. शिकागोत एस अँड पी ५०० या अमेरिकन निर्देशांकाचा वायदा एप्रिल १९८२ मध्येच सुरू झाला होता, आणि वायदा व रोख बाजार (म्हणजे प्रत्यक्ष शेअरांचा बाजार) यांच्यातला फरक कसा खायचा हे तिथे घोटून झालं होतं. टोकियो स्टॉक एक्स्चेंजने १९८६ मध्ये पहिल्या सहा परदेशी पेढ्यांना सदस्यत्व दिलं. दोन वर्षांनी ओसाकाचा वायदा आला. दार उघडलं आणि आत जेवण वाढलेलं होतं.

ते जेवण काय होतं ते आकड्यांत पाहू. वायद्याचा रास्त भाव म्हणजे आजचा निर्देशांक, अधिक तेवढे पैसे मुदतीपर्यंत अडकवण्याचं व्याज, वजा त्या काळात मिळणारा लाभांश. सोयीसाठी निर्देशांक ३०,००० धरा, व्याज ६ टक्के, लाभांश अर्धा टक्का, मुदत ६० दिवस. ३०,००० गुणिले साडेपाच टक्के गुणिले ६० भागिले ३६५, म्हणजे सुमारे २७१ अंक. वायदा ३०,२७१ ला असायला हवा. तेजीच्या धुंदीत तो ३०,५०० ला मिळत असेल तर वायदा विकायचा, खालचे सगळे शेअर विकत घ्यायचे आणि मुदतीपर्यंत गप्प बसायचं. २२९ अंक आपले. बाजार वर गेला काय, कोसळला काय, फरक पडत नाही.

सगळे शेअर विकत घ्यायचे, म्हणजे किती? निक्केई भावावर चालतो, कंपनीच्या आकारावर नाही. सगळ्या शेअरांच्या भावांची (जुन्या ५० येन दर्शनी मूल्याला जुळवून घेतलेल्या) बेरीज करायची आणि एका भाजकाने भागायची. म्हणजे टोपली बनवायची तर प्रत्येक कंपनीचे सारखेच शेअर घ्यायचे, इतकं सोपं. तेव्हा बहुतेक शेअर हजाराच्या पटीत विकले जायचे. भाजक दहाच्या आसपास धरला तर निर्देशांक ३०,००० असताना भावांची बेरीज होते तीन लाख येन. प्रत्येकी हजार शेअर घेतले की ३० कोटी येन. ओसाकाच्या वायद्याचा एक लॉट, म्हणजे सौद्याचं एक एकक, निर्देशांक गुणिले १,००० येन, तीन कोटींचा, म्हणजे या एका टोपलीसमोर दहा लॉट विकायचे. २२९ अंकांचे होतात २२ लाख ९० हजार येन. दोन महिन्यांत पाऊण टक्का, जोखीम जवळजवळ शून्य. शंभर टोपल्या केल्या तर हिशेब तुम्हीच करा.

खर्च होताच. दलालीचे दर ठरलेले होते (ते ऑक्टोबर १९९९ मध्ये पूर्ण मोकळे झाले), विक्रीवर कर होता. पेढी स्वतः सदस्य असेल तर दलाली वाचायची, म्हणून त्या सदस्यत्वासाठी एवढी धडपड. पण खरी अडचण वेगळी होती. टोकियोत एखाद्या शेअरची मागणी फार वाढली की एक्स्चेंज भाव एकदम वर जाऊ देत नसे. ‘विशेष भाव’ लावून तो दर काही मिनिटांनी पायरी-पायरीने सरकवत बसे आणि समोरचा विक्रेता सापडेपर्यंत सौदा होतच नसे. २२५ पैकी २१० शेअर हातात आलेत, पंधरा अजून लटकलेत आणि वायदा तर तुम्ही विकून बसला आहात, हा प्रकार नेहमीचा. शहाणे लोक ते पंधरा सोडून द्यायचे आणि त्यांच्या जागी तशाच वागणाऱ्या दुसऱ्या शेअरांचं वजन वाढवायचे. चुकलं तर तेवढी चूक पदरात.

दुसरी गोष्ट म्हणजे हा खेळ एकाच दिशेने सोपा होता. वायदा महाग असेल तर शेअर घ्या. पण वायदा स्वस्त असेल तर शेअर उसने आणून विकायला हवेत, आणि परदेशी पेढ्यांना जपानमध्ये शेअर उसने मिळणं कठीण. त्यामुळे तेजी होती तोवर त्यांच्याकडे टोपल्यांचे ढीग साचले. २९ डिसेंबर १९८९ ला निक्केई ३८,९१५ वर बंद झाला, नवीन वर्षात उतरंड लागली, वायदा रोख भावाच्या खाली घसरला, आणि साचलेल्या टोपल्या एका दमात बाजारात यायला लागल्या. पडत्या बाजारात परदेशी पेढीच्या संगणकातून एकदम २२५ शेअरांची विक्री. वर्तमानपत्रांना आणि अर्थखात्याला खलनायक मिळाला.

हा आरोप मला अर्धवट वाटतो. टोपली विकताना ते वायदा परत घेतच होते, म्हणजे एका हाताने पाडत होते तर दुसऱ्या हाताने उचलत होते. शिवाय ३८,९१५ हा भाव काही त्यांनी केला नव्हता, तो जमिनीवर कर्ज काढून शेअर घेणाऱ्या जपानी कंपन्यांनी आणि बँकांनी केला होता. पण घरचा दोष बाहेरच्यावर ढकलणं कुठल्या देशाला जमत नाही? ओसाकाने वायद्यावरची मार्जिनं (सौद्यासाठी एक्स्चेंजकडे ठेवायची अनामत) वाढवत नेली, दलाली वाढवली, वेळा कमी केल्या. सौदे थांबले नाहीत, ते सिंगापूरला गेले. सायमेक्सला इतकं चांगलं गिऱ्हाईक आयतं कोणी आणून दिलं नव्हतं.

आणि त्यातून दुसरा धंदा उभा राहिला. आता एकच माल दोन दुकानांत विकला जात होता.

ओसाकाचा एक लॉट बरोबर सिंगापूरचे दोन. समजा ओसाकात घेणारे १९,५६० ला उभे आहेत आणि त्याच क्षणी सिंगापुरात विकणारे १९,५५० ला. ओसाकात ५० विका, सिंगापुरात १०० घ्या. फरक १० अंकांचा. १० गुणिले १,००० गुणिले ५०, म्हणजे पाच लाख येन. १९९४-९५ च्या भावाने सुमारे पाच हजार डॉलर, तेही काही सेकंदांत. दिवसात अशा डझनभर संधी आल्या तर पोराचा वर्षाचा पगार एका आठवड्यात निघाला. दोन्ही लॉटांचा शेवटचा हिशेब एकाच आकड्यावर, म्हणजे मुदत संपणाऱ्या महिन्याच्या दुसऱ्या शुक्रवारी सकाळी २२५ शेअर ज्या भावांना उघडतील त्यावर होतो. त्यामुळे फरक कधीतरी मिटणारच, ही खात्री.

आता हे प्रत्यक्षात कसं व्हायचं ते बघा. एक पोरगा ओसाकाच्या पडद्यासमोर, त्याच्या कानाला सिंगापूरची उघडी फोनलाइन. पलीकडे सायमेक्सच्या पिटाच्या, म्हणजे सौदे करायच्या रिंगणाच्या, कडेला बूथमध्ये एक कारकून, तो हाताच्या खुणांनी पिटात उभ्या असलेल्या दलालाला सांगतो. तळवा स्वतःकडे म्हणजे घेतो, तळवा समोर म्हणजे विकतो. पिटात भाव ओरडून चालतात, म्हणून उंच, धिप्पाड, घोगऱ्या आवाजाची माणसं तिथे जास्त टिकतात. पडद्यावर ओसाकाची विक्री झाली. तोवर पिटात कोणीतरी मोठी ऑर्डर घेऊन घुसला आणि १९,५५० चे विकणारे १९,५५५ मागायला लागले. एक पायरी सरकली, अर्धा नफा गेला. १९,५६० झाले, सगळा गेला. १९,५६५ झाले की आता पाच लाखांच्या नफ्याच्या जागी अडीच लाखांचा तोटा, आणि घेतल्याशिवाय गत्यंतर नाही, कारण ओसाकाचे ५० लॉट उघडे पडलेत. याला आपल्याकडचे जॉबर ‘एक लेग अडकला’ म्हणतात, लेग म्हणजे सौद्याचा एक पाय, एक बाजू. अडकलेल्या पायाने काय करायचं यावरून माणूस कळतो. तोटा खाऊन दुसरा पाय टाकणारा टिकतो. ‘थांबू या, भाव परत येईल’ म्हणणारा त्या क्षणापासून आर्बिट्राजवाला (दोन भावांमधला फरक खाणारा) राहत नाही, सट्टेबाज होतो, मात्र त्याच्या टेबलावरची पाटी तीच राहते.

म्हणून नियम असा की अवघड बाजू आधी करायची. जिथे माल कमी, जिथे भाव निसटतो, ती बाजू आधी. सोपी बाजू, जिथे हवे तेवढे लॉट एका भावाला पडून असतात, ती नंतर. नवी पोरं उलटं करतात, कारण सोपी बाजू पटकन होते आणि काहीतरी केल्यासारखं वाटतं.

दुसरी गोची पैशाची. दोन्ही एक्स्चेंज एकमेकांना ओळखत नाहीत. ओसाकात विकलेले ५० आणि सिंगापुरात घेतलेले १०० मिळून जोखीम शून्य, हे तुम्हाला माहीत आहे. पण ओसाका तुमच्याकडून पूर्ण मार्जिन घेणार, सिंगापूरही घेणार. बाजार हजार अंक पडला तर ओसाकात तुमचा पाच कोटी येनचा नफा आणि सिंगापुरात तेवढाच तोटा. तोटा भरायचा सिंगापूरच्या वेळेत, नफा हातात येणार ओसाकाच्या वेळेत. मधल्या काळात पेढीला रोकड पुरवावी लागते. म्हणजे या धंद्यात ‘आम्हाला जोखीम नाही, फक्त मार्जिनला पैसे पाठवा’ हे वाक्य अगदी खरं असू शकतं.

ते खोटंही असू शकतं, आणि लंडनच्या बेअरिंग्ज बँकेचं घर त्याच वाक्यावर बुडालं. तिचा सिंगापूरमधला ट्रेडर निक लीसन अमेरिकन नव्हता, लंडनजवळच्या वॉटफर्डचा गवंड्याचा पोरगा, पण तो याच पिटात, याच धंद्यात होता. लंडनला वाटत होतं की तो ओसाका-सिंगापूरचा फरक खातो आहे. प्रत्यक्षात त्याने दुसरा पाय टाकलाच नव्हता. तोटे जमा होत होते १९९२ मध्ये उघडलेल्या ८८८८८ क्रमांकाच्या खात्यात. सौदे करणारा तोच आणि सौद्यांच्या नोंदी जुळवणारं कार्यालयही त्याच्याच हाताखाली, म्हणून पकडणारं कोणी नव्हतं. त्याने १९,००० च्या आसपासच्या भावांचे ऑप्शन्स, म्हणजे कॉल (ठरल्या भावाला घेण्याचा हक्क) आणि पुट (ठरल्या भावाला विकण्याचा हक्क) दोन्ही विकून ठेवले होते. बाजार तिथेच घुटमळत राहिला तर प्रीमियम (त्या हक्कांची मिळालेली किंमत) खिशात, असा विचार. १७ जानेवारी १९९५ च्या पहाटे कोबेला भूकंप झाला. २३ तारखेला निक्केई एका दिवसात हजाराहून जास्त अंक कोसळला. तो बाजार उचलून धरायला वायदे घेत सुटला, शेवटी ६० हजारांहून जास्त लॉट. तोटा ८२ कोटी ७० लाख पौंडांचा. १७६२ ची पेढी आयएनजी या डच बँकेने एका पौंडाला घेतली.

लीसनची गोष्ट सगळ्यांना माहीत असते. फार कमी लोक हे बघतात की तो घेत असताना समोर विकणारे कोण होते. पिटातल्या आणि ओसाकातल्या ज्या पोरांनी खरोखरच दोन्ही पाय टाकले होते, त्यांना ते दोन महिने सुगीचे गेले. एकच गिऱ्हाईक सिंगापुरात काहीही भावाने घेत होतं, म्हणून सिंगापूर ओसाकापेक्षा महाग राहत होतं. तिथे विकायचं, ओसाकात घ्यायचं. तो मोठा खेळाडू बुडणार की तरणार याचं त्यांना सोयरसुतक नव्हतं.

हाँगकाँगचं प्रकरण वेगळ्या जातीचं, ते थोडक्यात. १९९८ मध्ये फंडांनी एकाच वेळी हाँगकाँग डॉलर आणि हँग सेंग या तिथल्या शेअर निर्देशांकाचा वायदा विकला. डॉलरवर हल्ला झाला की चलनाचा खुंटा (अमेरिकन डॉलरशी बांधलेला भाव) टिकवायला व्याजदर आपोआप चढतात, व्याजदर चढले की शेअर पडतात, म्हणजे चलनात हार झाली तरी वायद्यात जीत. इथेही नियमच वाचला होता. फक्त समोर सरकार होतं, आणि सरकारने १४ ते २८ ऑगस्ट या काळात ११८ अब्ज हाँगकाँग डॉलरचे शेअर स्वतः विकत घेतले. मुक्त बाजाराचं माहेरघर म्हणवणाऱ्या शहराने! नियमपुस्तकात हे पान नव्हतं.

मला सगळ्यात शिकण्यासारखा वाटतो तो एप्रिल २००० चा आठवडा. त्यात ना भूकंप, ना घोटाळा, ना कोणी तुरुंगात गेलं. निव्वळ अंकगणित. शुक्रवार १४ एप्रिलला निक्केई काढणाऱ्या वृत्तपत्राने जाहीर केलं की २२५ पैकी ३० कंपन्या काढून ३० नव्या घालणार, अंमल सोमवार २४ पासून. जुन्या ३० म्हणजे उद्योगांच्या जुन्या काळातल्या, शंभर-दोनशे येनला मिळणाऱ्या. नव्या बऱ्याचशा तंत्रज्ञानाच्या, हजारो येनच्या भावाच्या.

निर्देशांक भावावर चालतो हे आठवा. निर्देशांकाची नक्कल करणाऱ्या फंडाकडे प्रत्येक कंपनीचे सारखेच शेअर हवेत. ३० स्वस्त शेअर विकून जे पैसे येणार त्यात ३० महागडे शेअर येणं शक्यच नाही. मग उरलेले पैसे कुठून? बाकीच्या १९५ कंपन्यांचे शेअर विकून. या बदलानंतर भाजक दहाच्या आसपासवरून वीसच्या वर गेला. याचा साध्या भाषेतला अर्थ असा की प्रत्येक फंडाला त्या १९५ मधल्या प्रत्येक कंपनीचे जवळजवळ निम्मे शेअर काढायचे होते. बातम्यांमध्ये ३० आत, ३० बाहेर एवढंच होतं. ज्याने भाजकाचा हिशेब त्या शुक्रवारी रात्री केला त्याला दिसलं की खरी बातमी त्या न बदललेल्या १९५ कंपन्यांमध्ये आहे.

आणि हे सगळं कधी करायचं? फंडाच्या व्यवस्थापकाला निर्देशांकाशी तंतोतंत जुळायचं असतं, त्यामुळे तो शुक्रवार २१ च्या बंद भावाच्या जवळच करणार. आठवडाभर आधी सगळ्या जगाला माहीत होतं की त्या संध्याकाळी कोण काय घेणार, काय विकणार. ट्रेडिंग टेबलांनी नव्या ३० कंपन्या सोमवारपासून घ्यायला सुरुवात केली, जुन्या २२५ विकायला. नवे चढत गेले, जुने पडत गेले, फंडांनी शुक्रवारी नवे सगळ्यात महाग आणि जुने सगळ्यात स्वस्त असताना अदलाबदल केली आणि पुढच्या दिवसांत दोन्ही आपापल्या जागी परतायला लागले. तोटा कोणाचा? निवृत्तीसाठी निर्देशांकाच्या फंडात पैसे ठेवलेल्या जपानी माणसाचा. त्याला कळलंही नाही, कारण त्याचा फंड निर्देशांकाशी चोख जुळत होता. निर्देशांकच पोखरला गेला होता. अंमल लगेच न करता महिन्याभरात टप्प्याटप्प्याने केला असता, किंवा महाग शेअरांना कमी गुणक लावला असता, तरी हे टळलं असतं. कायदा कोणीच मोडला नाही, हे लक्षात घेतलं की ‘लबाड परदेशी’ हा शब्दप्रयोग जरा अपुरा पडतो.

टोकियोला असंही घडलं की नफा परत दिला गेला. ८ डिसेंबर २००५ ला मिझुहो या जपानी पेढीच्या माणसाने एका नव्या कंपनीचा १ शेअर ६ लाख १० हजार येनला विकण्याऐवजी ६ लाख १० हजार शेअर १ येनला विकायला टाकले. एवढे शेअर त्या कंपनीचे अस्तित्वातच नव्हते. रद्द करण्याची आज्ञा एक्स्चेंजच्या यंत्रणेने घेतली नाही. तोटा ४० अब्ज येनच्या घरात. समोर घेणाऱ्या मोठ्या परदेशी पेढ्यांवर इतकं दडपण आलं की त्यांनी मिळालेले अब्जावधी येन सोडून दिले. शिकागोत कोणी सोडले असते असं वाटत नाही.

पिट आता गेले. नव्या पिढीचा पोरगा ओसाकाला जात नाही, त्याला कोडी घालून नोकरीवर घेतात आणि तो न्यूयॉर्क, लंडन किंवा हाँगकाँगमध्ये बसून आशियात सौदे करतो. त्याचा आशिया गेल्या काही वर्षांत कुठे होता हे एप्रिल २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयात उघड झालं. जेन स्ट्रीट या पेढीने, आपली गुपित पद्धत घेऊन दुसरीकडे गेल्याबद्दल दोन माजी ट्रेडर्सवर आणि त्यांच्या नव्या मालकावर दावा लावला. पद्धत कुठली ते लपवायचा आटापिटा चालला होता, आणि सुनावणीत एका वकिलाच्या तोंडून देशाचं नाव निसटलं, भारत. २०२३ मध्ये त्यातून सुमारे एक अब्ज डॉलर मिळाले होते. वांद्रे-कुर्ला संकुलात, जिथे सेबी ही शेअर बाजाराची नियामक संस्था बसते, लोकांचे कान टवकारले नसते तरच नवल.

आता नियम बघा. बँक निफ्टी या बँकांच्या शेअरांच्या निर्देशांकाच्या साप्ताहिक ऑप्शन्सचा शेवटचा हिशेब ज्या आकड्यावर व्हायचा तो मुदतीच्या दिवशीच्या शेवटच्या अर्ध्या तासातल्या शेअर भावांच्या सरासरीतून यायचा. शेअर मोजके, तेव्हा बारा बँका, त्यातही एचडीएफसी बँक आणि आयसीआयसीआय बँक यांचं वजन भारी. आणि त्या शेअरांच्या उलाढालीवर ऑप्शन्सचा केवढा डोलारा? सेबीच्या आदेशानुसार १७ जानेवारी २०२४ या मुदतीच्या बुधवारी बँक निफ्टी ऑप्शन्सची रोख-समान (शेअरांच्या मोलात मोजलेली) उलाढाल खालच्या शेअरांच्या उलाढालीच्या ३५३ पट होती. शेपटीनेच कुत्रा हलवायचा म्हटलं तर यापेक्षा सोयीची शेपटी मिळणार नाही.

आदल्या संध्याकाळी एचडीएफसी बँकेचे निकाल आले होते, ते बाजाराला आवडले नव्हते. निर्देशांक दीड हजार अंकांहून जास्त खाली उघडला. सेबीचा ३ जुलै २०२५ चा अंतरिम आदेश सांगतो की सकाळी ९.१५ ते ११.४६ या वेळात जेन स्ट्रीटच्या कंपन्यांनी बँकांचे शेअर आणि वायदे सुमारे ४,३७० कोटींचे घेतले. पडता निर्देशांक सावरला. सावरल्यामुळे कॉल महागले, पुट स्वस्त झाले. त्याच वेळात समूहाने कॉल विकले आणि पुट घेतले, निर्देशांकाच्या हिशेबाने ३२,११५ कोटींच्या जोरावर. म्हणजे शेअरांच्या बाजूच्या सात पटींहून जास्त. ११.४९ नंतर शेअर आणि वायदे विकायला सुरुवात, बंदपर्यंत. शेअर-वायद्यांत तोटा ६१.६ कोटी. ऑप्शन्समध्ये नफा ७३४.९३ कोटी.

परदेशी गुंतवणूकदाराला भारतात रोख बाजारात सकाळी घेऊन दुपारी विकता येत नाही, डिलिव्हरी घ्यावी लागते. म्हणून शेअरांची बाजू भारतात नोंदवलेल्या कंपनीतून, ऑप्शन्सची मोठी बाजू परदेशी कंपन्यांतून, असा आक्षेप आदेशात आहे. सेबीने ४,८४३.५७ कोटी रुपये अडकवले. कंपनीने ते जमा केले, आरोप फेटाळले आणि सिक्युरिटीज अपीलीय न्यायाधिकरणात दाद मागितली. तिचं म्हणणं, हे साधं इंडेक्स आर्बिट्राज आहे, ऑप्शन्समधून निघणारा भाव आणि शेअरांचा भाव यांत फरक होता तो आम्ही भरला.

निकाल न्यायाधिकरण देईल. पण ओसाकाचा ५०-१०० चा हिशेब ज्याच्या डोक्यात पक्का आहे त्याला इथे एक प्रश्न पडतोच. आर्बिट्राजचे दोन पाय सारखे असतात. एक पाय दुसऱ्याच्या सात पट असेल तर उरलेल्या सहा पटींना काय म्हणायचं? सेबीचा सगळा भर या गुणोत्तरावर आहे आणि माझ्या मते तो बरोबर जागी आहे. कंपनीला उत्तर द्यायचं ते याच प्रश्नाला.

समोरच्या बाजूला कोण होतं हे मात्र वादातीत आहे. सेबीच्याच अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत वायदे-ऑप्शन्स करणाऱ्या दहापैकी नऊहून अधिक व्यक्तींनी पैसे गमावले, मिळून १.८ लाख कोटींहून जास्त. २०२३-२४ मध्ये परदेशी गुंतवणूकदारांचा नफा २८ हजार कोटी, त्यातला ९७ टक्के अल्गोरिदमवरचा, म्हणजे संगणकाने आपोआप केलेल्या सौद्यांचा. मुदतीच्या दुपारी पाच-दहा रुपयांचा ऑप्शन घेऊन तासाभरात पन्नास होईल म्हणून मोबाइलकडे बघणारा पुणे-सोलापूर-जळगावचा पोरगा याला ‘हिरो-झिरो’ म्हणतो. तोही बावीस-पंचवीसचाच. फरक असा की त्याने नियमपुस्तक उघडलेलं नसतं, त्याने चार्ट उघडलेला असतो. तो अर्धा तास सरासरीत जातो, म्हणून ३.२० ला बघितलेला निर्देशांक हा हिशेबाचा आकडा नव्हे, एवढं साधं सुद्धा कित्येकांना ठाऊक नसतं. ३.२० ला निर्देशांक तुमच्या भावाच्या चाळीस अंक वर असतो आणि ऑप्शन तरीही शून्याला मिटतो, कारण ३.०० ते ३.१५ पर्यंत तो खाली होता.

ऑक्टोबर २०२४ मध्ये सेबीने एका एक्स्चेंजला एकच साप्ताहिक मुदत ठेवली, त्यात बँक निफ्टीची साप्ताहिक गेली. लॉटचं किमान मूल्य पाच-दहा लाखांवरून पंधरा लाखांवर नेलं. मुदतीच्या दिवशी ऑप्शन विकणाऱ्यावर दोन टक्के जादा मार्जिन. १ ऑक्टोबर २०२५ पासून इंडेक्स ऑप्शन्समध्ये एका खेळाडूच्या स्थितीची दिवसाच्या आतली निव्वळ मर्यादा ५,००० कोटी, आणि ती पाळली जाते का हे बघायला एक्स्चेंजने दिवसात किमान चार वेळा, न सांगता, मोजणी करायची. त्यातली एक मोजणी २.४५ ते ३.३० च्या दरम्यान हवीच. १७ जानेवारीची स्थिती या मर्यादेच्या सहा पटींहून मोठी होती, आणि ती उभी राहिली होती सकाळी पावणेबाराच्या आत.